गाडीची बॅटरी घरीच बदलताना कोणती वायर आधी काढायची?

आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी. बसवताना उलट: लाल आधी, काळी शेवटी. कारण गाडीचा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. काळी लावलेली असताना लालचा नट सैल करायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, की थेट शॉर्ट सर्किट. पाना तापून लाल होऊ शकतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन तेवढ्या ठिणगीनेही पेटतो. म्हणून अंगठी, कडं काढून ठेवा, चष्मा घाला आणि सिगारेट लांब.

पण खरंच बदलायची आहे का? गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं; त्याहून बरंच कमी दिसलं तर आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि त्याला फिरवणारा बेल्ट तपासा, उगाच नव्या बॅटरीचा खर्च नको.

नवी घेताना आकार, अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता) आणि पॉझिटिव्ह टर्मिनल (वायर लावायचा खांब) डावीकडे की उजवीकडे हे जुन्याशी जुळवा. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीला साधी बॅटरी चालत नाही, इंजिन वारंवार सुरू करणं सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करून वर व्हॅसलिन. बॅटरी सीलबंद नसेल तर तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या; आतल्या शिशामुळे तो किमतीत सूट देतो.