फाशांवर आलेली तुकडी एकतर्फी का पडते

तुमची अडचण थोडक्यात अशी: दोघांकडे मिळून वेगवेगळ्या संचांतली पंचवीस-तीस मिनिएचर, म्हणजे पटावरच्या युद्धखेळाचे छोटे सैनिक, आहेत. प्रत्येक माणसाची आणि शस्त्राची ठरलेली किंमत, म्हणजे पॉइंट, मोजून सारख्या याद्या करायचा कंटाळा आला म्हणून तुम्ही घरचा तक्ता बनवलात. सहा जणांची तुकडी, प्रत्येकासाठी एक फासा, सहा पडला की जड शस्त्र. आणि आता दुसऱ्याच फेरीत कोण हरणार ते दिसायला लागतं. मित्र म्हणतो, नशिबाचं खूळ पुरे, पॉइंटवर परत जाऊ.

मित्राची तक्रार खरी आहे, पण दोष नशिबाचा नाही, तक्त्याचा आहे. एका फाशावर सहाही आकडे सारख्याच वेळा पडतात. सहा माणसांसाठी सहा फासे टाकले, तर दर तीन तुकड्यांमागे एकीत एकही जड शस्त्र येत नाही, आणि चारांतल्या एकीहून जास्त तुकड्यांत दोन किंवा त्याहून अधिक येतात. म्हणजे एकाकडे दोन तोफा आणि दुसऱ्याकडे नुसत्या रायफली, असा डाव तुम्ही स्वतःच लिहून ठेवलाय. तो वारंवार पडणारच.

तोच तक्ता दोन फाशांच्या बेरजेवर न्या. ३६ शक्यतांपैकी सात सहा वेळा येतो, दोन आणि बारा एकेकदाच. पाच ते नऊ या पट्ट्यात दोन तृतीयांश फेका पडतात. तिथे साधी रायफल ठेवा. चार आणि दहाला शॉटगन, तीन आणि अकराला ग्रेनेड किंवा जे काही तुमच्या पेटीत आहे ते, आणि दोन-बाराला जड शस्त्र. आता दोन जड शस्त्रं असलेली तुकडी शंभरात चार वेळा येईल. आली की मजाही वाटेल, कारण रोज येत नाही.

एवढ्यानेच निम्मी भांडणं मिटतील. उरलेल्या निम्म्यांचं कारण वेगळं आहे: तुमच्या पद्धतीत फासा टाकल्यावर खेळाडूला ठरवायला काहीच उरत नाही. तिसऱ्या माणसाला तोफ आली, तर ती तिसऱ्याचीच.

‘फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम’ हा आयव्हन सोरेन्सनचा खेळ या बाबतीत बघण्यासारखा आहे. मूळ एकट्याने खेळायचा, सहा जणांची अंतराळातली टोळी. माणूस कुठून आला, त्याला काय हवंय, आधी काय काम करायचा, हे तिन्ही फासे टाकून, एक ते शंभर आकड्यांच्या तक्त्यांवर. त्यामुळे खाणवसाहतीतला, सूड घ्यायला निघालेला चित्रकार असा प्राणीही टोळीत येऊ शकतो, आणि असा माणूस यादी करताना मी जन्मात निवडला नसता. पण शस्त्रांचं तसं नाही. ती माणसागणिक नाही, टोळीगणिक येतात: तीन वेळा लष्करी शस्त्रांचा तक्ता, तीन वेळा साध्या शस्त्रांचा, वर एक साधन आणि एक गॅजेट. सगळं एका ढिगात. कोणाच्या हातात काय द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. एकाच ढिगातून दोन खेळाडू दोन वेगळ्या टोळ्या उभ्या करतात.

खेळतानाही तीच चाल. फेरीच्या सुरुवातीला जितकी माणसं तितके फासे टाकायचे, आणि मग कोणता फासा कोणाला ते वाटायचं. ज्याच्या वाट्याला आलेला आकडा त्याच्या ‘रिअ‍ॅक्शन्स’ या चपळाईच्या गुणाइतका किंवा कमी, तो शत्रूच्या आधी हलतो, बाकीचे शत्रूनंतर. साध्या माणसाच्या या गुणाचा आकडा १ असतो. समजा फाशांत एकुलता एक ‘एक’ पडलाय. तो दरवाजाशी अडकलेल्याला द्यायचा की बंदूकवाल्याला? दर फेरीला हा पेच. फासे आधी, निर्णय नंतर. हा क्रम जिथे उलटतो, तिथे खेळणारा नुसता प्रेक्षक होतो.

कमी दर्जाचं शस्त्र आलं म्हणून रडणाऱ्यांना याच खेळातला नेमबाजीचा नियम दाखवावा. उघड्यावरचा माणूस दूर असेल तर नेम लागायला फाशावर किमान पाच लागतो, आडोशाला असेल तर सहा. पण सहा इंचांच्या आत, उघड्यावर असेल तर तीन पुरतो. नऊ इंच पल्ल्याचं भंगार पिस्तूल घेऊन कोणी नीट वळसा मारून जवळ पोचला, तर लांबून आडोशावर गोळ्या झाडणाऱ्यापेक्षा त्याचा नेम बरा. मग शस्त्र चांगलं की वाईट हे पटावरचे आडोसे ठरवतात. याच कारणाने मला पॉइंटच्या ‘समतोला’चं फार कौतुक नाही. लांब पल्ल्याची बंदूक मोकळ्या मैदानात आणि गल्लीबोळात एकाच किमतीची कशी असेल?

यातूनच पुढचा नियम निघतो: मैदान आधी मांडा, तुकड्यांचे फासे नंतर टाका. उलटं केलंत तर ज्याला लांबची बंदूक आली तो भिंती बाजूला सरकवणार, आणि ज्याला नाही आली तो डबे आणून ठेवणार. कोणी मुद्दाम करतो असं नाही. हात आपोआप तिकडे जातो.

मैदान झालं की दोन्ही तुकड्यांचे फासे दोघांसमोर टाका, पण कोणाची कुठली ते ठरवू नका. मग बोली लावा. एक म्हणतो, ‘डावी मला, आणि माझा एक माणूस कमी.’ दुसऱ्याला हा सौदा महाग वाटला तर तो उजवी घेऊन गप्प बसतो. स्वस्त वाटला तर म्हणतो, ‘डावी मला, दोन माणसं कमी.’ एक जण थांबेपर्यंत चालू द्या. माणसांऐवजी पहिली फेरी सोडण्याचीही बोली लावता येते. हरल्यावर ‘मला टुकार तुकडी आली’ म्हणायची सोयच राहत नाही, कारण किंमत तुम्हीच लावली होती. मित्राला आकडेमोड आवडते ना? त्याला हा भाग पॉइंटपेक्षा जास्त रुचेल.

कामगिरीही फाशावर ठेवा, आणि ती प्रत्येक वेळी ‘समोरच्यांना मारा’ अशी नको. पलीकडच्या कडेने निसटायचं, एखादी वस्तू उचलून आणायची, एखाद्या ठिकाणी ठाण मांडायचं. तुटपुंज्या तुकडीला निसटून जिंकता येतं. समोरासमोर उभं राहून नाही. आणि डाव छोटे ठेवा. मेंढीकोटात वाईट पानं आली म्हणून कोणी उठून जात नाही, कारण थोड्याच वेळात पुन्हा पिसायचं असतं. तीन फूट बाय तीन फुटांवर सहा-सहा माणसांचा डाव तासाभरात उरकतो, म्हणजे बाजू बदलून त्याच तुकड्यांनी लगेच परतफेडही होते.

जुन्या खेळांत हे सगळं का लागत नव्हतं, असं कोणी विचारेल. १९८७ साली नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने रिक प्रीस्टलीचा ‘वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर’ हा युद्धखेळ काढला, तेव्हा पटाशेजारी तिसरा माणूस, डाव चालवणारा आणि निवाडा देणारा गेममास्टर, असेल हे गृहीत होतं. त्यांच्याच पुढच्या वर्षीच्या ‘स्लेव्हज टू डार्कनेस’ या नियमपुस्तकात तीन दहाबाजूंचे फासे शतक-दशक-एकक म्हणून वाचायचे, एक ते हजार, आणि तुमच्या नायकाला काय विकृती फुटली ते बघायचं. समतोलाचं नाव नको, आणि तरी ते वाचायला आजही धमाल येते. पण बेताल निकाल आवरायला मधे तिसरा माणूस असेल तरच ते दोघांत चालतं. तुम्ही दोघेच आहात, तेव्हा बोली हाच तुमचा गेममास्टर.

शेवटचं, मिनिएचरचं. तक्त्यात प्लाझ्मा बंदूक आली आणि पेटीत तसा माणूसच नाही, ही कटकट सगळ्यांनाच होते. तुम्ही नवं काही मागवू नका. बाहेरून येणारे संच खिसा रिकामा करतात. तक्ता पेटीवरून बनवा. प्रत्येक मिनिएचरच्या बेसखाली क्रमांक लिहा, साधे शिपाई मधल्या आकड्यांना, एकुलती एक तोफ दोन आणि बाराला. आकडा आला की त्या गटातला माणूस उचलायचा. तो गट संपला असेल तर शेजारच्या आकड्याचा. एकच अपवाद: मित्राने महिनाभर बसून रंगवलेला जो सेनापती आहे, त्याला फाशावर टाकू नका. तो दर डावात आपला आपण उभा राहू दे, आणि बोलीत त्याची किंमत धरा.