रिपोर्ट दोन तासांत आला, मग कल्चरला दीड महिना कशाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिराला टीबी निघाला. दवाखान्यात सीबीनाट, म्हणजे थुंकीतल्या जंतूचे जीन बघायची टेस्ट केली, त्याच दिवशी रिपोर्ट आला, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स आहे म्हणून, म्हणजे टीबीच्या त्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही. लगेच दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या. पण परत थुंकी घेतली, कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला पाठवायची म्हणे, दीड महिना लागेल. जीन बघून कळलंच होतं तर आता कशाची वाट बघायची? त्यात भाची बायोटेक करते, ती म्हणाली लॅबमध्ये टीबीच्या जंतूंचे जीन काढतात-घालतात, ऐकून अंगावर काटाच आला.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, आधी सीबीनाटचं बघू. थुंकीत एक द्रावण घालून हलवतात, पंधरा मिनिटं ठेवतात, कार्ट्रिजमध्ये ओततात आणि कार्ट्रिज मशीनमध्ये सरकवतात, झालं, दोनेक तासांत उत्तर. पण मशीन बघतं किती? टीबीच्या जंतूची जनुकीय पोथी जवळजवळ 44 लाख अक्षरांची, 1998 साली ती पूर्ण वाचून झाली, आणि रेझिस्टन्ससाठी मशीन त्यातली आरपीओबी नावाच्या जीनमधली जेमतेम 81 अक्षरं तपासतं. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या बहुतेक जंतूंची खोट तिथेच असते म्हणून हे जमतं. अशा टीबीवर देतात त्या बेडाक्विलिनसारख्या नव्या गोळीचं तसं नाही, तिथे बदल कुठेकुठे विखुरलेले असतात, नुसतं जीन वाचून खात्री देता येत नाही. मग एकच उपाय, जंतू वाढवायचे, त्यात औषध घालायचं आणि जगतात का मरतात ते बघायचं. आणि हा जंतू महा आळशी! पोटातला ई-कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला वीसेक तास लागतात. दही रात्री विरजलं की सकाळी तयार, इथे 42 दिवस वाट बघून मगच निगेटिव्ह लिहितात.

अजून एक गोम आहे, पेशंट लोक इथे हमखास घाबरतात. जीन टेस्टला मेलेला जंतू आणि जिवंत जंतू सारखाच दिसतो. त्यामुळे गोळ्या लागू पडतायत का हे बघायला सीबीनाट परत करत नाहीत, आणि कोणी हौसेने केलंच तर पॉझिटिव्ह येऊ शकतं, त्यावरून औषध फुकट गेलं असं समजू नका.

आता भाचीचं. जीन घालण्यातूनच जिवंत-मेल्याचा हा घोळ सोडवायची एक भन्नाट युक्ती निघाली होती. या जंतूचं कवच मेणचट, बाहेरचं काही आत शिरू देत नाही, पण जंतूंना खाणारे विषाणू असतात, फाज म्हणतात त्यांना, ते बरोबर शिरतात. न्यूयॉर्कच्या विल्यम जेकब्स यांच्या टीमने 1987 मध्ये फाजवरून बाहेरचं डीएनए आत पोचवलं आणि 1993 मध्ये तर काजव्याचा जीन! पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला आपण बघायला जातो तोच उजेड, जंतूच्या आत. तो पेटायला जिवंत पेशीतली ऊर्जा लागते, मेला की विझला. औषध घातलं आणि उजेड गेला तर औषध लागू. दवाखान्यांत मात्र ही युक्ती रुळली नाही, आपल्याकडे कल्चरच चालतं.

भीतीचं म्हणाल तर असे बरेच प्रयोग आधी स्मेग्मॅटिस नावाच्या गरीब चुलतभावावर करतात, तो वाढतोही भराभर. खऱ्या टीबीसाठी वेगळी बंदिस्त लॅब असते, हवा आत खेचली जाते, गाळल्याशिवाय बाहेर जात नाही. शिवाय मुद्दाम पांगळे केलेले जंतू वापरतात, एक विशिष्ट व्हिटॅमिन बाहेरून घातल्याशिवाय ते वाढूच शकत नाहीत. आणि दंडावरचा बीसीजी लसीचा व्रण बघा की! कॅल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या टीबीचा जंतू 1908 ते 1921 अशी तेरा वर्षं 230 वेळा परत परत वाढवला, तो मवाळ झाला, तोच या लसीत असतो. का झाला ते त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. कितीतरी वर्षांनी जीन तपासल्यावर दिसलं, त्याच्या पोथीतलं आरडी-वन नावाचं पानच गळालंय.

दिराला सांगा, कल्चर येईपर्यंत सुरू केलेल्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. परत थुंकी मागितली तर सकाळी चूळ भरून खोल खोकून आलेला बेडका द्या, नुसती लाळ नको, नाहीतर दीड महिना थांबून हातात काहीच येत नाही. आणि रिपोर्टची चौकशी करताना निक्षय आयडी, म्हणजे टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी नंबर, जवळ ठेवा.