घरातले कोळी आणि मोबाइलचा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (डोंबिवली, इयत्ता नववी): आमच्या खिडकीच्या गजांवर छोटा उड्या मारणारा कोळी असतो, काळा आणि पाठीवर मधोमध पांढरा पट्टा. कितीही फोटो काढले तरी सगळे ब्लर. चांगला कॅमेरा घ्यावाच लागेल का? बाबा नाही म्हणतात.

उत्तर: बाबांचं ऐक, निदान सध्या तरी. वर्णनावरून हा प्लेक्सिपस पेकुली या जातीचा नर वाटतोय, आपल्याकडे घराघरात असतो, शिकारीसाठी जाळं विणत नाही, माशी दिसली की मांजरासारखा दबकत जातो नि झडप घालतो. ब्लर येतंय कारण तू मोबाइल पार त्याच्या नाकाशी नेत असणार, तेवढ्या जवळून फोकस धरतच नाही, आणि स्वस्त फोनमधला तो दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा, खरं सांगू का, खोक्यावर छापण्यापुरताच असतो. वीतभर लांबून काढ, मग क्रॉप कर. क्लिपवाली मॅक्रो लेन्स मिळाली तर उत्तम, पण मग जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर भागच शार्प येतो, त्यामुळे कोपर भिंतीला टेकव, मोबाइल अगदी हळू पुढे-मागे कर आणि बर्स्ट मोडवर, म्हणजे एका दमात पटापट, काढत राहा, एखादा लागतोच. फोकस डोळ्यांवर. पुढे चार डोळे, त्यातले मधले दोन टपोरे. ते आधी नुसते बघ जरा वेळ, आता काळेभोर दिसतील आणि पुढच्या क्षणी मधासारखे पिवळट, कारण वरची लेन्स जागची हलत नाही, आतला पडदाच इकडेतिकडे फिरतो, म्हणजे तो तुला न्याहाळत असतो! फ्लॅश नको, सकाळचा खिडकीतला उजेड बेस्ट.

प्रश्न (सांगली): बाथरूममध्ये पंजाएवढा तपकिरी कोळी आहे, पोटाखाली पांढरी चकती धरून बसलाय. मिस्टर झाडू घेऊन उभे आहेत. विषारी असतो का?

उत्तर: ताई, आधी झाडू खाली ठेवायला सांगा. ही हंट्समन कोळ्याची मादी, हेटेरोपोडा व्हेनाटोरिया, आणि ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी, आत दोनशेपर्यंत अंडी असू शकतात आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत ती असंच सांभाळत फिरते. हातात धरलं तर चावेल आणि दुखेल, पण जिवाला धोका नाही, उलट झुरळं खाते ती. फोटोसाठी तर सोन्यासारखी संधी, एरवी वाऱ्यासारखी पळते, आता मात्र पिशवीमुळे बराच वेळ एका जागी बसेल. टॉर्चवर टिश्यू पेपर धरा आणि बाजूने उजेड पाडा, समोरून मारला तर टाइल्स चमकतात नि फोटो वाया. समोरून एक क्लोजअप जरूर घ्या, डोळ्यांखाली फिकट पिवळसर पट्टी दिसेल, मिशी असल्यासारखी.

प्रश्न (लातूर): हातावर लाल फोडांची रेघ उठलीय. सासूबाई म्हणतात कोळी मुतला. घरातले सगळे कोळी काढून टाकू का?

उत्तर: कोळ्याच्या मुतण्याने असे फोड येत नाहीत, बिचाऱ्यावर उगाच आळ. पावसाळ्यात दिव्यावर येणारा काळा-केशरी बारीक किडा अंगावर चिरडला गेला की अशी रेघ उठते, दुसऱ्या दिवशी आग होते. किडा फुंकरून उडवा, जागा साबणाने धुवा. नागीण असली तरीही असेच फोड येतात, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवाच, घरगुती लेप थापत बसू नका.

प्रश्न (रत्नागिरी): फोटो टाकून जात विचारली तर लोक नुसतं 'कोळी आहे' म्हणतात.

उत्तर: पाठीचा एकच फोटो दिलात तर दुसरं काय म्हणणार! पाठ, चेहरा, बाजू आणि जमलं तर काचेवर बसलेला असताना खालून, एवढं हवं. डोळ्यांची मांडणी दिसली की निम्मं काम होतं. तोंडाजवळचे दोन छोटे पाय टोकाला फुगलेले असतील तर नर. जाळं असेल तर मागे काळी छत्री उघडी धरा, पांढऱ्या भिंतीवर धागे दिसतच नाहीत. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकून ओळख विचारायच्या साइटवर, टाकताना गाव आणि तारीख लिहा. तरी काहींची जात फोटोवरून ठरतच नाही, मायक्रोस्कोप लागतो. आणि शहरातला कोळी म्हणून सोडून देऊ नका, ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याची 2021 साली नवी जात म्हणून नोंद झाली, 26/11 ला कसाबला धरून ठेवणाऱ्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिचं नाव ठेवलंय आयसियस तुकारामी.