वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षण विमानांचे अपघात

गेली अनेक वर्षे मी उड्डाण-प्रशिक्षक म्हणून काम करीत असल्यामुळे या विषयावरची पत्रे संपादकांनी माझ्याकडे पाठवली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : आमच्या शिवारावरून बारामतीची लहान विमाने दिवसभर घिरट्या घालतात. जुलै २०२२ मध्ये आमच्या तालुक्यात कडबनवाडी येथे एक विमान शेतात कोसळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ अवघ्या काही दिवसांत दोन अपघात झाले. ही विमाने जुनी असल्यामुळे त्यांची इंजिने बंद पडतात काय? (एक शेतकरी, इंदापूर तालुका)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण प्रशिक्षणाची बरीच विमाने खरोखरच जुनी असतात. अनेक संस्थांत वापरले जाणारे सेस्ना १५२ हे विमान १९८५ नंतर तयारच झालेले नाही. मात्र विमानाचे वय मोटारीसारखे मोजत नाहीत. ठरावीक तास चालल्यावर इंजिन उतरवून, पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा बसवावे लागते. ही देखभाल प्रामाणिकपणे होत असेल तर चाळीस वर्षांचे विमानही भरवशाचे असते, आणि होत नसेल तर नवे विमानसुद्धा धोक्याचे ठरते.

हवेत इंजिन बंद पडते तेव्हा पुष्कळदा त्याचा दोष इंजिनाकडे नसून इंधनाकडे असतो. इंधन संपणे किंवा चुकीच्या टाकीचा कॉक उघडा राहणे यांइतकेच इंधनात पाणी मिसळणे हेही नेहमीचे कारण आहे. रात्रभर अर्धवट रिकाम्या राहिलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्प साचते किंवा झाकणातून पावसाचे पाणी झिरपते. म्हणून रोज पहिल्या उड्डाणापूर्वी पंखांखालच्या छोट्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरून पाहतात. या विमानांचे पेट्रोल फिकट निळे असते, आणि पाणी जड असल्याने बिनरंगी थेंबाच्या रूपात तळाशी बसते. येथे नवशिक्यांची एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पेल्यात थेंब दिसला नाही की ते समाधानाने मान हलवतात, पण संपूर्ण पेला पाण्यानेच भरलेला असेल तर थेंब दिसणार कोठून? म्हणून आधी रंग पाहावा, मग थेंब.

दुसरे कारण सामान्य वाचकाला नवलाचे वाटेल, ते म्हणजे भर उष्ण प्रदेशात इंजिनात बर्फ होणे. ज्या कारणाने माठातील पाणी गार होते, त्याच कारणाने कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा व पेट्रोल एकत्र करणाऱ्या इंजिनाच्या भागात, पेट्रोलची वाफ होताना तेथील हवा गार होते. ही घट वीस अंशांहून अधिक असू शकते. त्यामुळे २५ अंश तापमानाच्या दमट पावसाळी दिवशीही त्या अरुंद वाटेत बर्फ धरतो आणि इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागतात. यावर उपाय म्हणून कॉकपिटमध्ये 'कार्ब हीट' नावाची मूठ असते. ती ओढली की गरम हवा आत येते, बर्फ वितळतो, पण वितळलेले पाणी इंजिनात जात असताना काही काळ इंजिन आणखी खडखडते. एकटा असलेला विद्यार्थी नेमका या क्षणी घाबरून मूठ परत ढकलतो आणि बर्फ पुन्हा वाढू लागतो. ती मूठ ओढलेलीच ठेवून अर्धा-एक मिनिट धीर धरणे हे मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून जमिनीवर असतानाच तोंडपाठ करून घेतो.

कडबनवाडीच्या अपघातात विमानात एकटीच असलेली प्रशिक्षणार्थी बचावली, ही गोष्ट आपल्याला आठवत असेल. इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे खाली येते, हा समज खरा नाही. योग्य वेग राखला तर सेस्ना १५२ हजार फुटांवरून साधारण अडीच ते पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकते. विजेच्या तारा, विहिरी आणि झाडे टाळून, वेग आटोक्यात ठेवून विमान शेतात उतरवले, तर त्याची मोडतोड झाली तरी आतला माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ असते.

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक होण्यासाठी प्रशिक्षण घेत असून लवकरच तिचे पहिले एकटीचे उड्डाण आहे. प्रशिक्षणातील कोणता टप्पा सर्वांत धोक्याचा असतो, आणि पालक म्हणून मी संस्थेला काय विचारावे? (एक आई, सांगली)

उत्तर : आपल्या पत्रातील काळजी मला समजते, आणि म्हणून उत्तर मोकळेपणाने देतो. संख्येने सर्वाधिक अपघात उतरताना होतात, पण त्यांत जीव जाण्याचे प्रमाण कमी असते. विमान धावपट्टीवर जोरात टेकते, उसळते, विद्यार्थी नाक खाली दाबतो, दुसरी-तिसरी उसळी आधीपेक्षा मोठी येते आणि शेवटी पुढचे चाक मोडते. पहिल्या उसळीलाच पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जावे, यात कमीपणा काहीच नाही. आडव्या वाऱ्यात विमान धावपट्टीच्या कडेला घसरणे हाही याच जातीचा अपघात आहे.

जीव घेणारा टप्पा वेगळा आहे. धावपट्टीशी काटकोनात येणाऱ्या मार्गावरून शेवटचे वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यायचे असते, तेव्हा विमान जमिनीपासून जेमतेम पाच-सहाशे फुटांवर आणि कमी वेगात असते. समजा, पाठीमागच्या वाऱ्याने विमानाला रेषेच्या पलीकडे ढकलले. विद्यार्थ्याला विमान अधिक कलते करण्याची भीती वाटते, म्हणून तो पायाने वळणाच्या बाजूचा रडर (शेपटीवरील उभे सुकाणू) दाबून नाक वळवू पाहतो. नाक खाली जाते, म्हणून हाताने दांडा मागे ओढतो. आता आतल्या पंखाला उचलणारा हवेचा प्रवाह अचानक तुटतो, तो पंख कोसळतो आणि विमान गिरकी घेत खाली जाते. याला स्टॉल आणि स्पिन म्हणतात. मराठी बातम्यांत 'विमान स्टॉल झाले' याचा अर्थ इंजिन बंद पडले असा लावलेला मी अनेकदा वाचला आहे. वास्तविक इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही स्टॉल होतो, कारण पंख हवेला फार मोठ्या कोनात भिडले की उचल संपते. सरळ उड्डाणात सेस्ना १५२ सुमारे ४० नॉट (ताशी सुमारे ७४ किलोमीटर) वेगाला स्टॉल होते. उंची कायम ठेवत ६० अंश कलून वळताना हाच वेग सुमारे ५७ नॉटपर्यंत चढतो, म्हणजे उतरण्याच्या नेहमीच्या वेगाच्या अगदी जवळ येतो. एका गिरकीतून सावरायला सुमारे हजार फूट लागतात, आणि ते या जागी नसतात. म्हणून चुकलेले वळण ओढूनताणून सुधारायचे नाही, ते सोडून द्यायचे आणि नवी फेरी मारायची.

याच्याच जोडीचा मोह उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले तर मागे फिरण्याचा असतो. तीनशे फुटांवरून धावपट्टीकडे परत वळताना वेग आणि उंची दोन्ही संपतात. समोरच्या शेतात सरळ उतरणे हेच शहाणपणाचे असते, पण ते आधीच मनाशी ठरवलेले नसेल तर हात आपोआप मागे वळवतात.

उन्हाळ्याचाही विचार हवा. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरील दख्खनच्या धावपट्टीवर ४० अंश तापमान असते तेव्हा विमानाला ती हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ भासते. इंजिन कमी शक्ती देते, धाव लांबते, चढ मंदावते. सेस्ना १५२ चे कमाल वजन ७५७ किलो असून दोन धिप्पाड माणसे आणि भरलेल्या टाक्या मिळून ते जवळजवळ गाठले जाते.

संस्थेला विचारायचे झाल्यास, वारा किंवा दृश्यमानता बिघडल्यावर गेल्या महिन्यात किती उड्डाणे रद्द केली, हे विचारा. एकही नाही, असे उत्तर आले तर सावध व्हा. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास पूर्ण करायचे असतात, शुल्क मोठे असते, आणि हा ताण विद्यार्थी, प्रशिक्षक व संस्था या तिघांवरही असतो. दुहेरी उड्डाणात, म्हणजे प्रशिक्षक सोबत असताना, नियंत्रण कोणाकडे आहे, हे दर वेळी मोठ्याने बोलून देण्याघेण्याची सवय तेथे आहे का, हेही विचारा. समोरचा सावरेल असे दोघांनाही वाटत राहिल्याने कोणीच न सावरल्याची उदाहरणे या क्षेत्रात आहेत. मुलीला मात्र एवढेच सांगा की मन तयार नसेल त्या दिवशी 'आज नाही' म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याबद्दल घरी कोणी खर्चाचा हिशेब मांडणार नाही.

प्रश्न : एकट्याने लांबच्या उड्डाणावर असताना समोर ढग आला, तर दोन मिनिटांत पलीकडे निघता येईल असे वाटते. यात खरेच एवढा धोका आहे काय? (एक प्रशिक्षणार्थी, नागपूर)

उत्तर : आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली बाहेरचे काही न दिसता केवळ उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत विमान चालवायला दिले होते. त्या विसांपैकी प्रत्येकाचे नियंत्रण सुटले, आणि सुटण्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद होता. क्षितिज दिसेनासे झाले की आतल्या कानाला विमानाचा कल कळत नाही आणि आपण सरळ जात आहोत, अशी खात्री वाटत राहते. ढग अजून लांब असतानाच, ज्या मोकळ्या आकाशातून आलात तिकडे सावकाश वळा, आणि इंधन पुरेसे असताना जवळच्या विमानतळाशी रेडिओवर बोला.