गुडघे-खुबे दुखणाऱ्यांसाठी पलंग : पाठ उचलण्याआधी उंची पाहा

अ‍ॅडजस्टेबल बेड निवडताना बहुतेक घरांत आधी पाठ किती उचलते आणि पाय किती वर जातात हे पाहिले जाते. संधिवात असलेल्या वयस्क माणसाचा खरा त्रास बहुधा दुसरीकडेच असतो. वाचकांच्या काही प्रश्नांची उत्तरे.

प्रश्न : आईचे वय ७४, दोन्ही गुडघ्यांची झीज. झोप नीट लागते, पण सकाळी पलंगावरून उठताना हात द्यावा लागतो. पाठ आणि पाय रिमोटने वर-खाली होणारा बेड पाहून ठेवला आहे. घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. या बेडमध्ये पाठीचा आणि पायाचा भाग उचलला जातो. अख्खा पलंग जमिनीपासून त्याच उंचीवर राहतो. आईंची अडचण आडवे पडण्याची नाही, बसल्याजागेवरून उभे राहण्याची आहे. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघा जास्त दुमडलेला असतो. त्या कोनातून उठायला मांडीच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो आणि गुडघ्याच्या वाटीखालचा दाबही वाढतो.

माप असे घ्या. आईंना कडक बैठकीच्या खुर्चीवर, तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील असे बसवा. घरात चपला वापरत असतील तर चपलांसह. गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. समजा ते ४२ सेंटिमीटर आले. त्या पलंगाच्या कडेवर बसल्यावर दबलेल्या गादीची उंची याहून कमी नको. गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर ४-५ सेंटिमीटर जास्तच असू द्या, म्हणजे ४६-४७. बसल्यावर गादीची कड ३ ते ५ सेंटिमीटर सहज दबते. म्हणून रिकामा पलंग मोजून काही ठरवू नका, त्या बसलेल्या असतानाच मोजा.

आताचा पलंग फक्त ७-८ सेंटिमीटर कमी भरत असेल, तर कदाचित नवा बेड लागणारच नाही. पायांखाली बसवायचे ठोकळे पुरतात. मात्र प्रत्येक ठोकळ्याला वर खोबण हवी, म्हणजे पलंगाचा पाय त्यातून सरकणार नाही. मधे आधाराचे पाय असतील तर त्यांखालीही तेवढ्याच उंचीचे ठोकळे लावा. विटा किंवा फळ्या एकावर एक रचून उंची वाढवू नका. उठताना पलंगाला बसणारा धक्का आडवा असतो आणि तेव्हाच त्या निसटतात.

नवा बेड घ्यायचाच असेल तर ज्याची पूर्ण उंची बटणाने बदलते असा, म्हणजे ‘हाय-लो’ सोय असलेला पाहा. झोपताना खाली, उठताना वर. इथे एक चूक वारंवार होते. माहितीपत्रकातली उंची बहुधा गादीखालच्या पत्र्यापर्यंतची असते. ‘किमान ४० सेंटिमीटर’ वाचून बेड आणला आणि त्यावर १५ सेंटिमीटरची गादी टाकली की झाले ५५. बुटक्या बांध्याच्या बाईंचे पाय कडेवर बसल्यावर अधांतरी लोंबतात आणि उठण्याऐवजी त्या घसरतात. खरेदीआधी बेडची किमान उंची आणि गादीची जाडी यांची बेरीज करा. ती गुडघ्याच्या मापापेक्षा फार जास्त निघाली तर तो बेड कितीही आवडला तरी सोडून द्या.

उठण्याची रीतही शिकवावी लागते. पायाचा भाग सपाट करा. पाठीचा भाग साधारण ४५ अंशांपर्यंत वर आणा. कुशीवर वळून पाय कडेबाहेर सोडा आणि कोपर व हाताच्या जोरावर बसते व्हा. एक-दोन मिनिटे तसेच बसून राहा, कारण झोपेतून लगेच उभे राहिले की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. मग बेड वर घ्या, तळपाय गुडघ्यांच्या किंचित मागे ओढा, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे वाका आणि उभे राहा. बेड वर घेताना तळपाय जमिनीवरून सुटू देऊ नका.

प्रश्न : मावशींना आमवात आहे, बोटे वाकडी झाली आहेत. हँडल फिरवायचा बेड चालेल, की मोटरचाच हवा?

हँडल पायाकडच्या टोकाला आणि खाली असते. झोपलेल्या माणसाला ते फिरवता येत नाही, दुसऱ्यालाच वाकून फिरवावे लागते. मावशींना रात्री दोन वेळा कूस बदलण्यासाठी पाठ थोडी उचलावीशी वाटली तर दोन्ही वेळा कोणाला तरी उठवावे लागेल. बहुतेक वेळा उठवण्यापेक्षा त्या दुखणे सोसतील. मोटरचाच घ्या.

मोटरपेक्षा रिमोट जास्त पारखून घ्या. दुकानात तो स्वतः दाबून पाहू नका, मावशींच्या हातात द्या. बोटाच्या पेराने किंवा मुठीच्या उंचवट्याने बटण दाबले जाते का? शेजारचे बटण चुकून दाबले जात नाही ना? पाठ पूर्ण वर यायला साधारण अर्धा मिनिट लागतो, आणि बऱ्याच बेडमध्ये तितका वेळ बटण दाबून धरावे लागते. सुजलेल्या अंगठ्याला हे जड जाते. मोठी, उठावदार, एकमेकांपासून लांब असलेली बटणे आणि रात्री हलका उजेड देणारा रिमोट असेल तर उत्तम. वायरचा रिमोट जुनाट वाटतो, पण तो हरवत नाही आणि खाली पडला तरी वायर ओढून घेता येतो. बिनवायरचा पलंगाखाली गेला की त्यासाठी वाकणे आले.

एका स्पर्शात ठरलेल्या स्थितीत जाणारे बेडही मिळतात. हाताला सोपे, पण बटण सोडल्यावरही बेड हलत राहतो. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल, किंवा मावशींची स्मृती मंदावली असेल, तर ही सोय बंद करून ठेवा.

प्रश्न : गुडघ्याखालचा भाग उचलून झोपले की फार बरे वाटते. रात्रभर तसेच ठेवले तर चालेल का?

नाही. या एका सवयीने चांगला बेड घेऊनही नुकसान होते.

सुजलेला गुडघा थोडा वाकवला की सांध्याच्या आतला ताण कमी होतो, म्हणून आराम वाटतो. पण रोज सात-आठ तास तो त्याच कोनात राहिला की मागचे स्नायू आणि सांध्याचे वेष्टण आखडू लागते. काही आठवड्यांनी, महिन्यांनी पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहायला मांडीच्या स्नायूंना सतत काम करावे लागते, चाल बिघडते, पावले आखूड पडतात. खुब्याचेही तेच. गुडघ्याखाली उशी ठेवण्याला हाच नियम लागू.

दिवसा बसून वाचताना, जेवताना, टीव्ही पाहताना गुडघ्याचा भाग उचला. अर्धा-पाऊण तास ठीक. रात्री सपाट. सपाट झोपणे अजिबात सहन होत नसेल तर तो औषध किंवा सूज यांचा प्रश्न आहे, डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. फक्त पावलांना सूज असेल तर गुडघा सरळ ठेवून पोटऱ्यांसह अख्खा पाय वर घेता येतो का ते पाहा. काही बेडमध्ये ही स्वतंत्र सोय असते. हृदयाचा आजार असेल तर तेही आधी विचारून घ्या.

प्रश्न : पाठ वर केली की वडील हळूहळू खाली घसरतात. माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे. बेड सदोष आहे का?

बहुधा बेड नीट आहे, झोपण्याची जागा चुकते आहे. बेडचा सांधा जिथे मोडतो, बरोबर तिथे माणसाचा खुबा हवा. खुबा त्याच्या खाली असेल तर वाक कमरेऐवजी छातीत पडतो, शरीर पोक काढते आणि सरकते. सरकताना कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड पुढे जाते, मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच होते. लाल भाग बोटाने दाबून सोडा. दाबताना तो पांढरा होत नसेल तर त्या जागेवरचा दाब लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

क्रम पाळा : आधी गुडघे थोडे वर, मग पाठ. खाली येताना आधी पाठ, मग गुडघे. जेवण सोडून एरवी पाठ ३० अंशांच्या आतच ठेवा. पाठ वर केल्यावर वडिलांना एकदा पुढे झुकवून पाठ चादरीपासून सोडवा, ताणलेली कातडी मोकळी होते. बेड अजून घ्यायचा असेल तर पाठ उचलताना तो भाग मागेही सरकतो का ते विचारा. ही सोय असलेल्या बेडवर घसरणे कमी होते.

प्रश्न : घरातली काथ्याची गादी या बेडवर चालेल का?

नाही चालणार. काथ्याची गादी वाकत नाही. सांध्यापाशी पूल बांधल्यासारखी उभी राहते आणि काही दिवसांत तिथेच मोडते. कडेला जाड तार असलेली स्प्रिंगची गादीही नको. फोम, लेटेक्स किंवा सुट्या कप्प्यांतल्या स्प्रिंगची, १२ ते १८ सेंटिमीटर जाडीची गादी घ्या. मेमरी फोम दुखऱ्या हाडांना मऊ लागतो, पण अंग त्यात रुतते आणि अशक्त माणसाला कूस बदलता येत नाही. घ्यायचाच तर वर पातळ थर आणि खाली घट्ट फोम असा. कड घट्ट असणे सर्वांत महत्त्वाचे, कारण उठणे तिथूनच होते.

प्रश्न : पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचे कठडे लावावेत का?

शुद्धीवर असलेल्या, स्वतः हिंडणाऱ्या माणसासाठी नको. रात्री लघवीला जायची घाई झाली की असा माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो. त्यापेक्षा बेड रात्री सर्वांत खाली ठेवा आणि डोक्याच्या बाजूला अर्धा कठडा किंवा धरायचा दांडा लावा. दांडा जाड आणि गोल हवा. आमवाताच्या बोटांना बारीक नळी आवळता येत नाही.

कठडा लावलाच तर फटी मोजा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००६ च्या मार्गदर्शनात डोके अडकू नये म्हणून कठड्यातली, तसेच कठडा आणि गादी यांमधली फट १२ सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि कठड्याच्या टोकांखाली मान अडकू शकते ती जागा ६ सेंटिमीटरपेक्षा कमी असावी असे सांगितले आहे. पाठ वर केली की फटी बदलतात, तेव्हाही मोजा. जाड गादी टाकली की कठडा तेवढाच ठेंगणा होतो. त्याची वरची कड गादीपासून निदान २२ सेंटिमीटर वर राहायला हवी.

प्रश्न : वडिलांना मणक्याचा त्रास आहे. पाठ उचलून झोपणे चांगले की वाईट?

कोणता त्रास, त्यावर उत्तर उलटे होते. झिजेमुळे मज्जारज्जूची नळी अरुंद झाली असेल तर किंचित पुढे वाकलेली स्थिती बरी वाटते. पाठ थोडी वर घेऊन झोपायला हरकत नसते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कणा ताठ करत जाणारा संधिवात, असेल तर कणा वाकलेल्या स्थितीत आखडण्याचा धोका असतो, तिथे रात्री शक्य तितके सपाट आणि पातळ उशीवर झोपायचे. दोन्हींत पाठ उचललेली असताना जाड उशी घेऊ नका, हनुवटी छातीला टेकते आणि मान धरते.

प्रश्न : बेड मधेच थांबतो, थोड्या वेळाने आपोआप चालू होतो. आणि वीज गेली तर?

मोटरवरचा शिक्का वाचा. ‘१०%’ किंवा ‘२ मिनिटे / १८ मिनिटे’ असे लिहिलेले असेल. म्हणजे दोन मिनिटे चालली की अठरा मिनिटे विश्रांती. दुकानदाराने किंवा नातवंडांनी सलग वर-खाली केले की मोटर तापते आणि आतले संरक्षण ती बंद करते. थंड होऊ द्या. नेहमीच्या वापरात असे घडले तर वजन तपासा : बेडच्या माहितीपट्टीवरच्या भारमर्यादेत बहुधा माणसासोबत गादी आणि कठडेही धरलेले असतात.

विजेसाठी, बेड सपाट करण्यापुरती तरी बॅटरी आहे का हे विचारा. असल्यास तिच्या बदलण्याची तारीख बेडच्या चौकटीवर चिकटवून ठेवा. प्लग थेट भिंतीत लावा. वायर अशी बांधा की बेड खाली येताना चौकटीत चिरडणार नाही. उंची बदलताना काही बेड पुढे-मागेही सरकतात, म्हणून डोक्याकडच्या भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर जागा सोडा आणि चाकांचे ब्रेक लावून बेड जोराने ढकलून पाहा. गुळगुळीत फरशीवर ब्रेक लागूनही तो सरकत असेल तर चाकांखाली रबरी वाट्या बसवा, नाहीतर आई कडेवर जोर देऊन उठतानाच पलंग मागे जाईल.