हलक्या हातानं खरंच काही होतं का? (आईची मान, खांदा आणि विडीचं काम)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई सोलापुरात साखर पेठेत राहतात, कित्येक वर्षं घरी विड्या वळतात, मान आणि उजवा खांदा सतत दुखतो. शेजारच्या मावशी तेल लावून रगडून देतात तेव्हा बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं आणि खांद्यावर काळेनिळे डाग दिसतात. आता ज्या थेरपिस्टकडे जातात त्या बोटं टेकवतात, कातडी जराशी सरकवतात आणि मध्येच दोन-दोन मिनिटं काही न करता बाजूला होतात. पैसे तुम्ही पुण्याहून पाठवता, म्हणून विचारताय की ही फसवणूक तर नाही ना.

फसवणूक नाही, दादा. पण त्या उपचाराचं जे कारण पेशंटला सांगितलं जातं, ते बऱ्याचदा खरं नसतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात आणि तिथंच लोकांचा गोंधळ होतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगारच जास्त. हलका हात लावला की पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं, "ताई, नुसतं हलकं हलकं काय करायलात, दाबा की ओ जोरात!" जोर लागला, चार वेळा 'आई गं' म्हणून झालं, म्हणजे पैसे वसूल, असा आपल्याकडे हिशोबच आहे. त्यात तालमीतल्या रगड्याचा मोठा वाटा असावा. पण पहिलवानाचं तापलेलं, कसलेलं अंग वेगळं आणि दिवसभर मान खाली घालून बसलेल्या साठीच्या बाईचा आखडलेला खांदा वेगळा.

आधी 'गाठी फोडण्या'बद्दल. खांद्यावर जे टणक टणक लागतं, ते बहुतेक वेळा आखडून राहिलेला, हात लावला तर दुखणारा स्नायू असतो. तिथं फोडण्यासारखं काही नसतं. स्नायूंभोवती जे चिवट आवरण असतं, ज्याला फॅशिया म्हणतात, ते हातानं ताणून लांब करता येतं असंही सर्रास सांगतात. 2008 साली याचं गणित मांडून पाहिलं गेलं. तळपायाच्या आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड आवरणात एक टक्का फरक पाडायलाही जो जोर लागेल, तो माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा निघाला. म्हणजे मावशींनी कितीही रगडलं तरी ते होणार नाही आणि तुमच्या थेरपिस्टच्या दोन बोटांनी तर नाहीच नाही. 'साचलेलं लॅक्टिक अॅसिड निघून जातं' हेही तसंच. व्यायामानं तयार झालेलं ते अॅसिड तास-दीड तासात शरीर स्वतःच संपवतं, महिनोन्महिने खांद्यात साचून राहत नाही.

मग आराम पडतो तो कशानं? मज्जासंस्थेमुळे. कातडीत आणि त्याखालच्या थरांत स्पर्श, दाब, ताण टिपणाऱ्या असंख्य टोकांचं जाळं असतं. केसाळ त्वचेत तर एक खास प्रकारचे बारीक तंतू आहेत. ते सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर वेगानं फिरणाऱ्या हळुवार, उबदार स्पर्शाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. भराभर चोळलं तर त्यांचा प्रतिसाद कमी होतो. शिवाय स्पर्शाचे संदेश मणक्याच्या पातळीवर वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडवतात, हा विचार मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडला. पुढं त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण गाभा टिकला. कोपर आपटलं की आपण नकळत ते चोळतो, ते यासाठीच.

आणि दुखऱ्या जागेवर जोरात दाबलं की शरीर काय करतं? आणखी आवळून घेतं. श्वास रोखला जातो, खांदे कानाकडं जातात. ज्याला सैल करायचं, त्यालाच आपण घाबरवतो. हलक्या हाताचा खरा फायदा इथं आहे. शरीराला धोका वाटत नाही, स्नायूंची पकड सुटते आणि थोडा वेळ मान मोकळी वळते.

थोडा वेळ, हे लक्षात ठेवा. कंबरदुखीवर मालिशचा उपयोग किती, याचा कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2015चा आढावा आहे. तात्पुरता फरक पडतो, दीर्घकाळ टिकल्याचं दिसत नाही आणि एकूण पुरावाही कच्चाच आहे, असं त्याचं सार. माझा रोजचा अनुभव याहून वेगळा नाही.

आता ते 'मध्येच बाजूला होणं'. तुमच्या वर्णनावरून ही बोवेन पद्धत वाटते. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात टॉम बोवेन नावाचे गृहस्थ होते, 1982 साली वारले. स्नायूवर बोट किंवा अंगठा हलकेच सरकवायचा, मग शरीराला प्रतिसाद द्यायला वेळ म्हणून दोन-चार मिनिटं थांबायचं, ही त्यांची रीत पुढं शिष्यांनी जगभर नेली. पण त्यांच्याच देशाच्या सरकारनं अशा अनेक उपचारपद्धती तपासल्या, तेव्हा बोवेनचा उपयोग होतो असा ठोस पुरावा सापडला नाही आणि 1 एप्रिल 2019 पासून खाजगी आरोग्यविम्यातून तिचे पैसे मिळणं बंद झालं. म्हणून ही पद्धत वाईट असं मी म्हणणार नाही. शांत खोली, कुणीतरी घाई न करता हात लावतंय, मध्ये पडून राहायला मिळतंय, हे दिवसभर हजार विड्यांचा आकडा गाठण्याच्या मागं असलेल्या बाईला औषधासारखंच आहे. मात्र 'याच एका पद्धतीनं मुळापासून बरं होतं' असं कुणी म्हणालं आणि महिन्या-दोन महिन्यांचं पॅकेज आधीच भरायला लावलं, तर सरळ नाही म्हणा. तीन-चार वेळा जाऊन मान वळणं, झोप आणि काम करतानाचं दुखणं यात काहीच फरक नसेल, तर पुढं जाण्यात अर्थ नाही.

चांगल्या थेरपिस्टनं या दुखण्यात काय करायला हवं, ते सांगते. आई मांडीवर सूप घेऊन बसतात, नजर तंबाखूवर, मान तासन्‌तास पुढं वाकलेली. डोक्याचं वजन 4-5 किलो असतं आणि मान वाकली की ते पेलायला मानेच्या मागच्या स्नायूंना बरंच जास्त राबावं लागतं. त्यात कात्री आणि दोऱ्याचं काम, म्हणजे उजवा अंगठा आणि कोपराखालचा हातही दमतो. तेव्हा नुसता खांदा चेपून भागत नाही. उताणं झोपवून कवटीच्या मागच्या कडेखाली बोटांची टोकं ठेवायची आणि डोक्याचाच भार बोटांवर येऊ द्यायचा, वेगळं दाबायचंच नाही. मिनिट-दोन मिनिटांत स्नायू सैल होताना बोटांना कळतं. मग छातीचा पुढचा भाग, खांद्याच्या खालचा. तो आखडलेला असतो आणि त्याकडं कुणी बघत नाही. मग कोपराखालचा हात, अंगठ्याच्या मुळाशी. आणखी एक पद्धत आहे, ती मला स्वतःला फार आवडते: जिथं दुखतं तो स्नायू ज्या स्थितीत सगळ्यात सैल पडतो, त्या स्थितीत मान किंवा हात 90 सेकंद आधार देऊन धरायचा आणि अगदी सावकाश परत आणायचा. दाब जवळजवळ शून्य. लॉरेन्स जोन्स या अमेरिकन ऑस्टिओपॅथनं, म्हणजे हाडं-स्नायूंवर हातानं उपचार करणाऱ्या डॉक्टरनं, ती शोधली.

आणि यानंतरची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. मान मोकळी झालेली असते, तेव्हाच ती हलवून घ्यायची. दोन्ही बाजूंना वळवणं, खांदे मागं फिरवणं, भिंतीला पाठ लावून हात वर नेणं, हळूहळू हलकं वजन. तुमच्या थेरपिस्ट हे करून घेत नसतील, तर त्यांना स्पष्ट विचारा. हात लावून घरी पाठवणं हा अर्धाच उपचार झाला.

घरी बहीण किंवा वहिनी असेल तर तिला शिकवता येईल. संध्याकाळचं काम आवरलं की आईंना आडवं करा, मानेखाली टॉवेलची गुंडाळी. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! करडईचं किंवा तिळाचं तेल कोमट करून अगदी थोडं घ्या. उन्हाळ्यात तेही नको, घामोळ्या उठतात, कोरडा हात चालतो. दाब किती, तर मिटलेल्या पापणीवर बोट ठेवल्यावर डोळ्याला खुपणार नाही इतपत. मानेपासून खांद्याकडं, सावकाश, पाच-दहा मिनिटं. आई बोलता बोलता गप्प झाल्या, श्वास लांब झाला, की जमलं समजा.

काम बंद करा असं मी सांगणार नाही, कारण विडीचे पैसे हजारावर मिळतात आणि बसून राहिलं तर चूल कोण चालवणार. पण पाठ भिंतीला टेकवा, मांडीवर जाड उशी ठेवून त्यावर सूप घ्या म्हणजे मान कमी वाकेल आणि एक जुडी बांधून झाली की हात बाजूला ठेवून छत बघा, खांदे मागं फिरवा. या एवढ्याशा बदलाचा फायदा माझ्या हातापेक्षा जास्त होतो, हे मी रोज बघते.

रगडणाऱ्या मावशींना दुखवायची गरज नाही, पण डाग पडतात एवढा जोर नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा मधुमेहानं हातापायाची जाणीव कमी झाली असेल, तर अजिबातच नको. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथं नाडी लागते, तिथं कुणालाच दाबू देऊ नका. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून देतात, तो प्रकार तर तुम्हीही करून घेऊ नका. मानेतली रक्तवाहिनी फाटून त्यातून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तरी चोळायचं नाही, आत गुठळी असू शकते.

आणि काही दुखणी हात लावण्याची नसतातच. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, लांबलेला खोकला, यातलं काही असेल तर मालिश थांबवून सिव्हिलला किंवा चांगल्या डॉक्टरांकडं दाखवा. आपल्याकडं मणक्याचा टीबी अजून दिसतो आणि तो बरेच दिवस 'पाठ भरली' म्हणून अंगावर काढला जातो. हाताची पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, असं झालं तर त्याच दिवशी जा. खांदादुखीबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल तर मसाजवाल्याचा विचारच नको, थेट इमर्जन्सी.

तुम्ही लिहिलेल्यात दोन गोष्टी नाहीत. आईंच्या उजव्या हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येतात का, आणि आल्या तर कोणत्या बोटांना? आणि उजवा हात डोक्यावर नेऊन वेणी घालता येते का? मुंग्या असतील तर नस मानेत दबतेय की मनगटात हे आधी बघावं लागेल. हात वर जात नसेल, त्यात साखरेचा त्रास असेल, तर खांदा गोठण्याची सुरुवात असू शकते, मग व्यायाम सगळे बदलतात. आईंना विचारून इथंच लिहा, पुढचं त्यावरून सांगते.