धर्म आणि आरोग्य बाजूला ठेवले, तर शाकाहारी राहण्यामागचे तुमचे स्वतःचे नैतिक कारण कोणते?

आपण मूळ प्रश्नाला आणखी तीन शंका जोडल्या आहेत: जीव तर वनस्पतींनाही असतो, मग फरक कोठे उरला, प्राण्याला वेदना होऊ न देता मारले, तर हरकत कशाला, आणि एका माणसाने मांसाहार सोडल्याने जगात काय बदलते. मी जन्माने शाकाहारी नाही. वयाच्या २६व्या वर्षी मी मांसाहार सोडला आणि त्याला आता १९ वर्षे झाली. त्यामुळे हे उत्तर सवयीतून आलेले नसून त्या काळात स्वतःशी घातलेल्या वादातून आलेले आहे.

शिक्षण संपल्यानंतर सुमारे वर्षभर मी एका ब्रॉयलर फार्मचे, म्हणजे मांसासाठी कोंबड्या वाढवणाऱ्या फार्मचे, हिशेब लिहीत असे. एक दिवसाची पिल्ले येत, साधारण सहा आठवड्यांनी ती बॅच विक्रीसाठी उचलली जाई, शेड धुऊन काही दिवस रिकामी ठेवली जाई आणि पुढची पिल्ले येत. नोंदवहीत खाद्य, वजन, औषधे यांचे रकाने असत आणि त्यांच्याच शेजारी ‘मरतूक’ असा एक रकाना असे. रोगाने, उकाड्याने किंवा एकमेकांखाली चेंगरून जे पक्षी मरत, त्यांचा आकडा मी रोज तेथे भरत असे. एकदा एका बॅचची बेरीज करताना माझ्या लक्षात आले की काही हजारांच्या त्या बॅचमधला एकही पक्षी आता जिवंत नाही, तरीही माझ्या वहीप्रमाणे मेलेल्यांची संख्या दीडशेच्या आतच आहे. उरलेले सारे ‘विक्री’ या रकान्यात होते. वहीत चूक काहीच नव्हती, कारण हिशेबाच्या दृष्टीने ज्या मृत्यूमुळे मालकाचे नुकसान होते तोच मृत्यू नोंदवायचा असतो. परंतु जो मरतो त्याचे स्वतःचे काही नुकसान होते का, हा प्रश्न त्या वहीत कोठेच नव्हता आणि तोपर्यंत माझ्याही मनात तो आला नव्हता.

फार्मचे मालक क्रूर नव्हते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, म्हणून थंडीच्या दिवसांत ते रात्री दोनदोनदा उठून ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे उपकरण, तपासत आणि पिल्ले एका कोपऱ्यात गोळा झालेली दिसली की त्यांना हाताने पसरवून ठेवत. ही काळजी खरी होती. माझा आक्षेप एखाद्या माणसाच्या निष्ठुरपणावर आधारलेला असता, तर त्या फार्मवर मला आक्षेपाला जागाच सापडली नसती. मला खटकले ते वेगळेच होते: एवढ्या मायेने जपलेल्या जिवाचे स्वतःचे असे काही मोल त्या साऱ्या व्यवहारात कोणीही धरलेले नव्हते, आणि त्या व्यवहाराच्या शेवटच्या टोकाला, ताटापाशी, मी बसलेली होते.

माझे कारण थोडक्यात असे की प्राण्याला स्वतःचे सुखदुःख असते, त्याचे मांस खाण्यावाचून माझे काही अडत नाही, आणि अडत नसताना दुसऱ्याला दुःख देण्याचे किंवा त्याचा जीव घेण्याचे समर्थन मला प्रामाणिकपणे करता येत नाही.

यातले पहिले विधान अनेकांना भावनेचा भाग वाटते, पण ते तसे राहिलेले नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एका तळटीपेत असे मांडले होते की प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का हा प्रश्नच नाही, त्यांना दुःख होते का हा प्रश्न आहे. त्या काळी हा तर्क होता, आज त्यामागे निरीक्षणे आहेत. ७ जुलै २०१२ रोजी केंब्रिज येथे जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी असे जाहीर केले की जाणीव निर्माण करणारी मज्जासंस्थेची रचना केवळ माणसाकडेच नाही, ती सर्व सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत तसेच ऑक्टोपससारख्या जिवांतही आढळते. माशांबद्दल मी स्वतः बराच काळ साशंक होते, कारण मासा ओरडत नाही आणि आपली करुणा बहुतेक वेळा आवाजामागे जाते. मात्र २००३ साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचून पाहिले, तेव्हा ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि त्यांनी काही तास खाणे टाळले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. वेदनाशामकाने जे कमी होते त्याला वेदना म्हणण्यावाचून मला दुसरा शब्द सापडत नाही. पुढे २०२२ साली ब्रिटनने केलेल्या प्राणिकल्याणाच्या कायद्यात तर खेकडे, शेवंडी आणि ऑक्टोपस यांनाही संवेदनशील जीव म्हणून मान्यता मिळाली.

दुसरे विधान, म्हणजे गरज नसणे, हे मात्र प्रत्येकाच्या बाबतीत सारखेच खरे नाही. बर्फाळ प्रदेशात जेथे पीकच येत नाही तेथील माणूस, जनावरांवरच ज्याचे सारे जगणे अवलंबून आहे असा पशुपालक किंवा जे मिळेल ते खाऊन दिवस काढणारे कुटुंब यांच्यापुढे माझी ही मांडणी नेऊन ठेवणे मला अन्यायाचे वाटते. मी मला लागू होणारे कारण सांगत आहे. मला निवड करता येते. योग्य नियोजन केलेला शाकाहार पोषणाला पुरेसा असतो असा निर्वाळा अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिला होता. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पडू नये म्हणून मी ते वेगळे घेते, आणि माझ्यापुरता हा विषय तेथे संपतो.

आरोग्य हे कारण मी कधीच पुढे करत नाही, कारण ते उद्या बदलू शकते. महात्मा गांधींनी २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनमधील शाकाहारी मंडळींसमोर केलेल्या भाषणात नेमके हेच सांगितले होते की ज्यांनी केवळ प्रकृतीसाठी शाकाहार धरला त्यांचा निश्चय बहुधा ढळतो आणि तो टिकायचा असेल तर त्याला नैतिक पाया लागतो. गांधींचा स्वतःचा प्रवासही मला जवळचा वाटतो. आईला दिलेल्या शब्दामुळे ते इंग्लंडमध्ये मांसापासून दूर राहिले होते, पण मनाने त्यांना मांसाहार योग्यच वाटत असे. इंग्रज लेखक हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील लेखन वाचल्यानंतर मात्र जो शाकाहार वचनाने बांधलेला होता तो त्यांनी आपखुशीने स्वीकारला. वारशाने मिळालेल्या शाकाहाराला मी कमी लेखत नाही, परंतु ज्या शाकाहाराच्या जोरावर माणूस दुसऱ्या माणसाला अपवित्र ठरवतो आणि आपल्या पंक्तीपासून दूर ठेवतो, त्याच्याशी माझ्या कारणाचा काहीही संबंध नाही. प्राण्याच्या दुःखाने हळहळणाऱ्याने माणसाचा अपमान करावा, ही गोष्ट मला त्या दुःखाइतकीच क्लेशदायक वाटते.

आता वेदनारहित मरणाबद्दल. तसे मरण बहुसंख्य प्राण्यांच्या वाट्याला येते असे मानणे हीच मुळात मोठी सवलत आहे. जगात दरवर्षी केवळ कोंबड्याच ७,००० कोटींहून अधिक मारल्या जातात आणि एवढ्या संख्येचा उरक साधताना प्रत्येक पक्ष्याकडे स्वतंत्रपणे लक्ष देता येणे शक्य नसते. शिवाय दुःख फक्त शेवटच्या क्षणी असते असेही नाही. आजचा ब्रॉयलर अतिशय वेगाने वाढावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेला आहे, त्यामुळे कित्येक पक्ष्यांचे पाय शेवटच्या आठवड्यात त्यांचेच वजन पेलू शकत नाहीत. ज्या नर-माद्यांपासून ही पिल्ले मिळतात त्यांना पोटभर खाऊ दिले तर ती स्थूल होऊन आजारी पडतात, म्हणून त्यांना मोजूनमापून कमी खाद्य दिले जाते आणि त्यांचा बराचसा काळ भुकेत जातो. येथे दुःख त्या शरीरातच रुजवलेले आहे, सुरी कितीही धारदार असली तरी त्यात फरक पडत नाही.

तरीही आपल्या शंकेचा मान राखून असे धरू की जगणेही सुखाचे होते आणि मरणही कळले नाही. तेव्हाही माझा आक्षेप शिल्लक राहतो. उचल होण्याच्या दिवशी ब्रॉयलरचे वजन पूर्ण वाढलेल्या पक्ष्याएवढे असते, पण त्याचा आवाज पिलासारखा चिवचिवाटाचाच असतो, हे मी त्या शेडमध्ये अनेकदा ऐकले आहे. कोंबडी साधारण अठरा ते वीस आठवड्यांची झाल्यावर अंडी घालू लागते, आणि येथे सहाव्या आठवड्यात सारे संपते. त्याच्यापुढे जे आयुष्य होते, त्यात उन्हात पंख पसरून बसणे होते, मातीत अंग घोळणे होते आणि झाडाच्या फांदीवर रात्र काढणे होते. हे त्याला गमावल्याचे कळत नाही, हे मान्य आहे. पण झोपेतल्या माणसाचे काही हिरावून घेतले आणि त्याला ते कधीच कळले नाही, तर तेवढ्याने ती चोरी ठरत नाही असे आपण म्हणत नाही.

वनस्पतींच्या प्रश्नावर जगदीशचंद्र बोस यांचे नाव हमखास घेतले जाते. वनस्पती बाह्य उत्तेजनाला विद्युत प्रतिसाद देतात हे त्यांनी अत्यंत सूक्ष्म उपकरणांनी दाखवून दिले आणि ते काम थोर आहे. तथापि प्रतिसाद देणे आणि वेदना अनुभवणे या दोन गोष्टी एक नाहीत. वनस्पतीला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि पळून जाता न येणाऱ्या जिवाला वेदना देऊन निसर्गाने काय साधले असते, याचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वनस्पतींनाही वेदना होतात असे मानले तरी निष्कर्ष शाकाहाराच्याच बाजूने जातो, कारण जनावरे वाढवायची तर आधी त्यांना कितीतरी अधिक वनस्पती खाऊ घालाव्या लागतात. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला होता. त्यानुसार जगातील शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी, मत्स्यपालन यांसाठी वापरली जाते आणि तिच्यातून माणसाला मिळणारे उष्मांक अवघे १८ टक्के असतात. नांगरणीत आणि कापणीत उंदीर, कीटक, पक्ष्यांची घरटी यांचा नाश होतो हे मी नाकारत नाही. माझ्या जगण्याने कोणाचेही काही बिघडत नाही असा माझा दावा नाही, मी तो नाश शक्य तेवढा कमी करू पाहते.

मला खऱ्या अर्थाने अडचणीत टाकणारा प्रश्न आपण विचारलेलाच नाही, आणि तो अंडी व दुधाचा आहे. मांस सोडल्यावर दोन वर्षे मी अंडी खात होते, कारण अंड्यासाठी कोणाला मारावे लागत नाही अशी माझी समजूत होती. नंतर कळले की अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्ले ना अंडी देतात ना मांसासाठी परवडतात, म्हणून ती जन्मल्या दिवशीच मारली जातात. जगभरात त्यांची संख्या वर्षाला सुमारे ७०० कोटी सांगितली जाते. जर्मनीने २०२२च्या आरंभापासून या प्रथेवर बंदी घातली, आणि आता अंड्यात असतानाच नर-मादी ओळखण्याचे तंत्रही वापरले जाते, पण बहुतेक ठिकाणी जुनी रीत सुरूच आहे. ते समजल्यानंतर अंडी सोडणे मला जड गेले नाही. दुधाने मात्र मला फार काळ झुंजवले. गाय वासराला जन्म दिल्याखेरीज दूध देत नाही, वासरू नर असेल तर दुग्धव्यवसायाला त्याचा उपयोग नसतो, आणि जी गाय सुमारे वीस वर्षे जगू शकते ती दूध घटले की मोठ्या व्यवसायांत पाचसहा वर्षांची असतानाच काढून टाकली जाते. म्हणजे दूध आणि मांस हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. याच मुद्द्यावरून इंग्लंडमधील शाकाहारी संस्थेत मतभेद झाले आणि १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध-अंडीही वर्ज्य मानणारी व्हीगन सोसायटी स्थापन केली. हे सारे ठाऊक असूनही मी कित्येक वर्षे दूध घेत राहिले आणि स्वतःला शाकाहारी म्हणवत राहिले. ती विसंगती होती, आणि माझ्या कारणाच्या कसोटीवर ती टिकत नव्हती. गेली सहा वर्षे मी दूधही घेत नाही. औषधाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते, आणि पर्याय नसेल तेव्हा ती मी घेते, कारण तेथे माझे खरोखरच अडते.

राहता राहिला एकट्याच्या परिणामाचा प्रश्न. फार्मवर असताना मी एवढे पाहिले होते की उचल मंदावली की पुढच्या बॅचसाठी पिल्ले कमी मागवली जात. म्हणजे खाणाऱ्यांची संख्या आणि शेडमधल्या पक्ष्यांची संख्या यांत धागा आहे. माझ्या एकटीमुळे कोणत्या बॅचमध्ये किती पिल्ले कमी आली, हे मात्र कोणालाही कधी दाखवता येणार नाही, आणि ते दाखवता यावे अशी अट मी माझ्या निर्णयाला घातलेलीही नाही. माझ्या घरातील दोघांनी कालांतराने माझ्याप्रमाणेच मांसाहार सोडला. मी त्यांना तसे कधी सुचवले नव्हते. त्यांपैकी माझ्या धाकट्या भावाने चार वर्षांनी तो पुन्हा सुरू केला. मी त्याला बोल लावला नाही. आम्ही अजूनही एकत्र जेवायला बसतो, आणि त्याच्या मुलीने मागच्या वर्षी मला हाच प्रश्न विचारला तेव्हा त्याच्यादेखतच मी तिला त्या नोंदवहीची गोष्ट सांगितली.